टाकी अर्धी करून या

"साहेब, जेवून उठलासा आणि परत ताटावर बसलासा व्हय?" पेट्रोल पंपावरच्या पोरानं हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, की मागच्या रिक्षावाल्यानं मुद्दाम मान बाहेर काढून माझं तोंड बघितलं. दोन हजारांचं पेट्रोल सांगून मी पैसे आधीच स्कॅन केलेले, आणि नोझल दीडशे रुपयांतच खटकन बंद! आदल्या रात्री चिरंजीवांनी टाकी फुल्ल करून आणली होती. ते सांगायला त्यांना सवड झाली नव्हती. पेट्रोलच्या मीटरची सुई मात्र 'ई'वर निपचित पडलेली. उरलेले पैसे रोख परत मिळेपर्यंत मागच्या रांगेनं हॉर्न वाजवून माझा सत्कार केला.

सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या मुलानं गाडीकडं न बघता टॅबकडं बघून निदान केलं. "सर, टाकीतल्या पंपासकट पूर्ण असेंब्ली चेंज होईल." पंप तर ठणठणीत आहे, म्हटलं. "बरोबर आहे सर, पण सेपरेट येत नाही." आकडा ऐकून मला वाटलं, गाडीच त्यांच्या दारात सोडून चालत जावं. आणि आत असतं काय हो? पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ फ्लोट, त्याला तारेचा दांडा, दांड्याच्या टोकाशी विजेला रोध करणारी एक पट्टी. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, रोध बदलतो, सुई खाली येते. एवढ्याशा कारभाराला असेंब्ली म्हणायचं आणि पगार कापायचा.

मग आमच्या कोल्हापूरचं उद्यमनगर, मेस्त्रींचं गॅरेज. मेस्त्रींनी मागची सीट उचलली, झाकण काढलं, सॉकेट ओढलं आणि वायरचा एक तुकडा दोन पिनांत खुपसला. "चावी फिरवा." सुई आळस देत उठली ती थेट फुल्लवर. "मीटर बरं हाय, वायरिंग बरं हाय. दुखणं टाकीत हाय." चहा गार व्हायच्या आत निदान, टॅब न लावता. मी खूश झालो. एवढ्यात टायरच्या चळतीवर बसलेले आबा उठले.

आबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते गॅरेजमध्ये कामाला नाहीत, त्यांची गाडीही तिथं नाही. पण रोज सकाळी येऊन बसतात आणि आलेल्या प्रत्येक गाडीवर मत देतात.

"टाकी किती भरलीया?"

"तोंडापर्यंत. पंपावर कळलं."

"पंपावरच्या पोराचं काय खरं सांगताय! काठी घाला. आम्ही काठीच घालत होतो." त्यांनी खरोखरच केबलचा एक तुकडा आणून टाकीच्या तोंडात सारला. तो वळणावर अडकला. आबांनी कंपनीच्या इंजिनिअरांचा उद्धार केला आणि धोतर सावरून मागच्या चाकाशी उकिडवे बसले. कान पत्र्याला लावला. "हलवा!"

"काय?"

"गाडी हलवा की ओ! बघत काय उभारलाय?"

गॅरेजमधली दोन पोरं, शेजारच्या लेथवरचा एकजण, पत्ता विचारायला थांबलेला एक पाहुणा आणि मी, असे आम्ही भर रस्त्यात माझी गाडी धरून गदागदा हलवत होतो. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "अडकलीया काय?" आबांनी हात वर केला. सगळे थांबले. लेथसुद्धा थांबलं.

"आवाज न्हाई," आबा म्हणाले. "म्हंजे एकतर ठार भरलीया, न्हाईतर ठार मोकळी हाय."

एवढं आम्हाला हलवण्याआधीही माहीत होतं.

मेस्त्रींची अडचण वेगळीच होती. "भरल्या टाकीवर फ्लोटचं युनिट काढलं की सीटखाली तळं हुतंय. टाकी अर्धी करून या."

"अर्धी झाली हे कळणार कसं?"

मेस्त्रींनी पान्याकडं बघितलं. आबांनी आभाळाकडं.

आता बघा, पावसाळ्यात या गावात चहाच्या आधी पंचगंगेची पातळी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. तिकडं राधानगरी भरली की तिचे 7 स्वयंचलित दरवाजे माणसाचा हात न लागता उघडतात. अख्ख्या धरणाला कळतं पोट भरलंय ते. आणि 35 लिटरच्या माझ्या टाकीसाठी मी ट्रिप मीटर शून्य करून कागद-पेन घेऊन बसलो. खरं ॲव्हरेज किती, यावर घरात भांडण झालं. जाहिरातीतला आकडा धरला तर पार गोवा गाठावा लागत होता. शेवटी पावणेतीनशे किलोमीटर ठरले. जोतिबा झाला, नरसोबाची वाडी झाली, गगनबावडा झाला. चुलत सासूबाईंना माहेरी पोचवून आणलं. लिटरला शंभराच्या वर मोजायचे आणि ते जाळायला निमित्तं शोधत फिरायचं! घरच्यांना मात्र हा बिघाड फार आवडला.

परत गेलो तर आबांनी आधी गाडी हलवून घेतली. "डुबूक आलं. काढा!" मेस्त्रींनी बॅटरीची वायर सोडवली, आबांची बिडी विझवायला लावली, मग युनिट वर काढलं. दांडा हातानं वर-खाली केला तर रोध मोजणाऱ्या ओहम मीटरवरचे आकडे व्यवस्थित पळत होते. म्हणजे पट्टी चांगली. मग त्यांनी फ्लोट दांड्यावरून काढून कानाशी धरला आणि हलवला. आत पेट्रोल. बारीक चीर जाऊन फ्लोट स्वतःच प्यायला होता आणि तळाशी बसून होता.

"कानाला लावून हलवला न्हवं?" आबा सगळ्या गॅरेजला म्हणाले. "मी पयल्या दिवशी काय सांगितलं हुतं?"

या गावच्या भट्ट्यांत पंप-इंजिनांचे सुटे भाग ओततात, पण अंगठ्याएवढा प्लास्टिकचा फ्लोट कुठल्याही दुकानात सुटा मिळाला नाही. जिकडं तिकडं तेच, असेंब्ली घ्या. शेवटी मेस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा फ्लोट काढून बसवला. आता टाकी भरली तरी सुई फुल्लच्या बोटभर अलीकडं थांबते. "एवढं चालतंय," मेस्त्री म्हणाले. फ्लोटचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मजुरीही रास्त घेतली.

पण निदान बरोबर निघाल्याबद्दल आबांना मिसळ द्यावी लागली. गाडी हलवणाऱ्यांनाही. पत्ता विचारायला थांबलेला पाहुणासुद्धा नेमका त्या दिवशी परत आला होता, त्यानं दोनदा कट मागवला. मजुरीपेक्षा मिसळीचं बिल जास्त झालं.