‘माणशी एक वॅट’ हा हिशेब बेसला लागू पडत नाही

गणपतीच्या तारखा लागायला लागल्या की ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक चित्र हमखास फिरतं. वर बेस गिटार, खाली मोठ्या हॉलसाठी चार नियम. हॉलमध्ये जितकी माणसं तितक्या वॅटचा अँप घ्या. खोल बेस फक्त पंधरा इंची स्पीकर देतो. अँप स्पीकरपेक्षा कमी वॅटचा ठेवा, स्पीकर कधीच जळणार नाही. आणि हॉलची साउंड सिस्टीम असेल तर बेस अँप लागतच नाही.

परवा नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाने तेच चित्र पाठवून विचारलं, ‘दादा, कालिदास कलामंदिरात पहिला मोठा शो आहे. हजार वॅटचं हेड हप्त्यावर उचलू का?’ त्याच्याकडे सध्या ३०० वॅटचं हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप) आणि एका दहा इंची स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी आहे. नको उचलूस, असं त्याला लगेच कळवलं. का नको, ते इथे लिहितो, कारण असे हप्ते भरणारी पोरं मी बरीच पाहिली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पहिला नियम सगळ्यात जास्त पैसे खातो. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. त्या चित्राचाच हिशेब धरला, तर शंभर माणसांवरून हजार माणसांवर जाताना आवाज फार तर दुप्पट वाटेल. गंगापूर रोडच्या एखाद्या उघड्या लॉन्सवर तर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. ५ मीटरवर जे ऐकू येतं, ते ४० मीटरवर १८ डेसिबलने खाली. ते भरून काढायला साठपटीहून जास्त वॅट लागतील. स्टेजवरचा कुठलाच अँप ते करणार नाही आणि त्याने ते करूही नये.

मग आवाज येतो कुठून? हवा किती हलते त्यातून. नाशिककराला हे समजायला पुस्तक लागत नाही. ढोलपथक मोठं वाजवायचं असलं तर आपण एकाच ढोलावर दहापट जोराने टिपरू मारत नाही, ढोल वाढवतो. बेसचंही तसंच आहे. एका कॅबिनेटशेजारी तसंच दुसरं लावलं की बऱ्याच हेडवर ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो, कारण हवा ढकलणारं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि ८ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) दोन कॅबिनेट मिळून ४ ओहम झाल्याने हेडही जास्त ताकद देतं. हेडवर ठळक छापलेले ५०० वॅट बहुतेक वेळा ४ ओहमचे असतात. एकाच ८ ओहमच्या कॅबिनेटवर तेच हेड ३०० च्या आसपास देतं. ४ ओहमची दोन मात्र एकत्र जोडू नका. ती २ ओहम होतात आणि बरीच हेडं ते सोसत नाहीत. जोडण्याआधी मागची पट्टी वाचा.

कॅबिनेट घेताना आणखी एक आकडा बघायचा, तो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. एक ९४ चं आणि एक १०० चं असेल, तर दुसऱ्याला १०० वॅट दिले की पहिल्याच्या ४०० वॅटइतका आवाज येतो.

पंधरा इंचीचा नियम लवकर निपटतो. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या बँडच्या मागे अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा अँप होता. ३०० वॅटचं हेड आणि खाली आठ-आठ दहा इंची स्पीकरची कॅबिनेट. पंधरा इंची एकही नाही. बेस किती खोल जाणार ते ठरतं कॅबिनेटच्या घडणीवर, स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा शंकू) किती आत-बाहेर जाऊ शकतो त्यावर आणि स्पीकर किती आहेत त्यावर.

त्या चित्रात एक गोष्ट आलेलीच नाही आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: कॅबिनेट ठेवता कुठे. एका सभागृहात साउंड चेकला माझा सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी (G) हा सूर एकदम पोकळ वाजत होता. शेजारचे सूर भरदार आणि हाच कागदासारखा. हेडवरचा बेसचा नॉब पूर्ण फिरवूनही काही होईना. कॅबिनेट मागच्या भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढे होतं. त्या जीची कंपनसंख्या ४९ हर्ट्झ, लाट सात मीटरची आणि तिचा चौथा हिस्सा बरोबर पावणेदोन मीटर. भिंतीवरून परत येणारी लाट उलटी पडून मूळ लाटेला खात होती. मध्ये स्टेजचा जाड कापडी पडदा होता, पण इतक्या खालच्या सुराला पडदा म्हणजे काहीच नाही. आम्ही दोघांनी कॅबिनेट ढकलत भिंतीला टेकवलं आणि तोच जी पायाखालच्या फळ्यांतून वर आला. एक रुपया खर्च नाही, एक वॅट वाढवला नाही.

तिसरा नियम धोक्याचा आहे. स्पीकर मरतो दोन कारणांनी: आतली तारेची कॉइल तापून, किंवा कोन मर्यादेबाहेर उडून. लहान अँप ताणला की लाटेची टोकं कापली जातात आणि २०० वॅटचा अँप सरासरी ४०० च्या जवळ ताकद सोडू शकतो. वर ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर आधी तो जातो. पाच तारांच्या बेसची खालची बी (B) तार ३१ हर्ट्झची असते. तिथे बरीच कॅबिनेटं लिहिलेल्या वॅटच्या बरीच आधी कोनाची मर्यादा गाठतात. तेव्हा वॅट जुळवण्यापेक्षा कान द्या. सूर फाटायला लागला की आवाज उतरवा आणि हेडवर अगदी खालचे सूर गाळणारा हाय-पास असेल तर चालू ठेवा.

चौथ्या नियमात निम्मं खरं आहे. मोठ्या हॉलमध्ये लोकांनी बेस सिस्टीममधूनच ऐकावा आणि डीआयमधून (बेसचा सिग्नल साउंड सिस्टीमला देणाऱ्या जोडणीतून) लाइन द्यावी. पण सिस्टीम म्हणजे स्टँडवरचे दोन टॉप (वरचे स्पीकर) असतील, सब (फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) नसतील, तर खालच्या ई (E) तारेचा ४१ हर्ट्झचा सूर त्यातून धड येत नाही. म्हणून सुपारी घेतानाच साउंडवाल्याला विचारायचं: सब किती आहेत, आणि बेस मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मिळेल का? सब असले तर स्टेजवरचा अँप फक्त तुम्हाला आणि ड्रमरला पुरला म्हणजे झालं. तो जमिनीवर ठेवला तर तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही, आणि मग तुम्ही उगाच वाढवत जाता. खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता ठेवा.

त्या मुलाने साउंडवाल्याला विचारलं. चार सब आहेत. आता तो स्वतःचंच हेड नेणार आहे, मित्राचं त्याच्यासारखंच ८ ओहमचं कॅबिनेट एका रात्रीपुरतं मागून आणणार आहे आणि चार वाजता पोचणार आहे, भिंतीजवळची जागा मिळावी म्हणून.