बाळाच्या उशाशी कापराचं तेल ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘बाजारातले सुगंध फेकून द्या, घरीच बनवा शंभर टक्के नैसर्गिक रीड डिफ्यूझर’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या भागातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझं परभणीत मेडिकलचं दुकान आहे. नीलगिरीचं तेल एरवी कोण विचारतं? आता बायाबापड्या मोठी बाटली मागायला लागल्या, तेव्हाच मला शंका आली होती. मग आमच्या आत्यानं तो मेसेज माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिचं बाळ पाच महिन्यांचं. खाली आत्याचा शेरा: ‘कर माय हे, लेकराला सर्दी राहणार नाही.’ बहिणीनं मला विचारलं, ‘दादा, करू का?’ तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण आत्या काही फोनवर ऐकून घेत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रीड डिफ्यूझर म्हणजे अरुंद तोंडाची काचेची बाटली, आत सुगंधी द्रव आणि त्यात उभ्या खोचलेल्या काड्या. द्रव काड्यांतून वर चढतो, हवेत उडतो, खोलीला वास येतो. ना वीज, ना आग. सोपी वस्तू आहे आणि माझं तिच्याशी काही वाकडं नाही.

मेसेजात काय म्हटलंय? बाजारातल्या सुगंधांत केमिकल असतं, म्हणून घरीच करा. २०० मिली खोबरेल तेल कोमट करा, त्यात ५० ग्रॅम भीमसेनी कापूर विरघळवा, दोन चमचे नीलगिरी घाला, खराट्याच्या काड्या खोचा. बाटली बाळाच्या उशाशी ठेवा, सर्दी-कफ जवळ येणार नाही. डेंग्यूचे डास पळतात. हवा शुद्ध होते. देवघरात ठेवल्यास सकारात्मक ऊर्जा. एक बाटली सहा महिने चालते. आणि कळस म्हणजे हे वाक्य: ‘सगळं नैसर्गिक असल्यानं चुकून पोटात गेलं तरी घाबरण्याचं कारण नाही.’

आधी या शेवटच्या वाक्याचाच समाचार घेऊ. बाकीच्या बऱ्याच गोष्टी चुकल्या तरी फार तर पैसे आणि खोबरेल वाया जाईल. या वाक्यानं लेकरू जाईल.

हिशेब करा. ५० ग्रॅम कापूर साधारण ५० मिली जागा घेतो, म्हणजे एकूण २५० मिलीत कापूर वीस टक्के. हे प्रमाण ज्यानं कुणी लिहिलं त्याला माहीत नसेल, पण तेलात वीस टक्के कापूर हे मिश्रण अमेरिकेत पूर्वी ‘कॅम्फोरेटेड ऑइल’ नावानं औषधाच्या दुकानात मिळायचं. छातीला चोळायला. घरात एरंडेलाची बाटली शेजारीच असायची आणि आयाबाया एरंडेल समजून तेच पोरांना पाजायच्या. विषबाधेच्या केस इतक्या झाल्या की १९८२ साली तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, ते विक्रीतूनच काढलं. त्यानंतर अंगाला लावायच्या औषधांतही अकरा टक्क्यांपेक्षा जास्त कापूर चालत नाही. तेव्हा आत्याबाई, ज्या मिश्रणावर चाळीसेक वर्षांपूर्वी बंदी आली, तेच तुम्ही स्वयंपाकघरात नव्यानं तयार करून पाळण्याशेजारी ठेवायला सांगताय. आणि आपल्या घरांत बाळाला एरंडेल देण्याची पद्धत अजून गेलेली नाही, हेही ध्यानात घ्या.

या तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, एक ग्रॅम कापूर येतो. एवढ्या कापरानं लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. विषबाधेचे डॉक्टर मुलाच्या वजनामागे किलोला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला तर सरळ दवाखान्यात न्या म्हणतात. सात किलोच्या बाळाला ही मर्यादा दोनशे दहा मिलिग्रॅम होते, म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा नाही. एक घोट लागत नाही, बोटं बुडवून चोखली तरी काळजीचं. लक्षणं पाच मिनिटांत सुरू होऊ शकतात, फार तर दीड तासात: मळमळ, उलटी, अस्वस्थपणा आणि पुष्कळदा आधी काही न दिसता एकदम झटके.

‘भीमसेनी खाण्याचा असतो’ हा बचाव मी काउंटरवर ऐकलाय. लाडवात, तीर्थात चिमटीच्या टोकाएवढा घालतात, पन्नास ग्रॅम नाही घालत.

‘हे सगळं परदेशातलं’ असंही कुणी म्हणेल, म्हणून आपल्याकडचंच सांगतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी इतर रुग्णालयांच्या साथीनं चार वर्षं रुग्ण तपासले. २०२१ मध्ये ‘एपिलेप्सी रिसर्च’ या नियतकालिकात ते छापून आलं. सुगंधी तेलांशी संबंधित झटके आलेले ५५ जण त्यांना सापडले. त्यातल्या ३३ जणांना आधीपासून फिट्सचा आजार होता, पण उरलेल्या २२ जणांना तो नव्हता. धागा एकच: नीलगिरी किंवा कापूर असलेलं काहीतरी, कुणी हुंगलेलं, कुणी चोळलेलं, कुणी पोटात घेतलेलं. ही सगळी मोठी माणसं होती. कोपऱ्यात ठेवलेल्या बाटलीनं प्रत्येकाला फिट येते असं मी म्हणत नाही, तसं त्या अभ्यासातही नाही. पण हीच दोन तेलं निवडून, इतक्या प्रमाणात, पाच महिन्यांच्या लेकराच्या नाकाशी ठेवायची, याला काय म्हणावं? सर्दीच्या बामची डबी उलटी करून वाचा. दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं त्यावर छापलेलं असतं. तान्ह्या बाळांच्या श्वासनळ्या अरुंद असतात, उग्र वासानं त्यांचा श्वास अडखळू शकतो. कापराच्या पुरचुंड्या बाळाच्या गळ्यात बांधणाऱ्यांनीही हे वाचलं तर बरं.

चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका. झटका आला तर तीच उलटी फुफ्फुसात जाते. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा टोल-फ्री नंबर. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा, मेसेजापेक्षा जास्त कामाचा आहे.

आता ‘नैसर्गिक’ची गंमत. पूजेचा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. म्हणजे ज्या केमिकलच्या नावानं मेसेजवाला गळा काढतो, तेच त्याच्या पाककृतीतही असू शकतं. बाजारातल्या डिफ्यूझरमध्येही रसायनं असतात, हे खरंच आहे. बहुधा ग्लायकॉल जातीचं द्रावक, म्हणजे सुगंध विरघळवणारा द्रव, किंवा अल्कोहोल, त्यात सुगंध. पण ते कशासाठी असतं हे कळायला हवं: पातळ असतं म्हणून काडीतून चढतं आणि सावकाश उडतं. खोबरेल यातलं काहीच नीट करत नाही. ते जड, जवळजवळ न उडणारं. शिवाय चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. आमच्या परभणीत थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा तुमच्या बाटलीत लोण्याचा गोळा आणि त्यात उभा खराटा दिसेल. अत्तर टाकायचा सल्लाही काही जण देतात. चांगल्या अत्तराचा आधार चंदनाचं तेल, तेही काडीत चढायला तितकंच आळशी. अत्तर मनगटाला लावा, वाया घालवू नका.

काड्यांचंही तेच. वेताच्या काडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक नळ्या असतात, म्हणून द्रव वर येतो. बांबूला पेरं असतात, तिथं वाट अडते. खराट्याच्या काडीबद्दल मी बोलतच नाही.

डासांचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही, कारण डेंग्यू आमच्याकडे दर पावसाळ्यात घरं शोधत येतो. सिट्रोनेला, म्हणजे गवती चहाच्या कुळातल्या गवताचं तेल, अंगाला लावल्यावर थोडा वेळ डासांना दूर ठेवतं, हे कबूल. पण काडीतून आपसूक उडणाऱ्या वासानं खोलीभर डास हटत नाहीत. डासांच्या लिक्विडच्या मशीनमध्येही काडीच असते ना? असते, पण ती तापवायला वीज लागते आणि आत कीटकनाशक असतं. असं उत्पादन विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि पाकिटावर तो नोंदणी क्रमांक असतो. ज्या डिफ्यूझरवर डास पळतात असं लिहिलंय आणि क्रमांक नाही, तो दुकानातच ठेवून या.

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांत तर आठवडा-आठवडा वाट बघावी लागते. त्यामुळे घरोघरी ड्रम, रांजण, हौद भरलेले. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, भांडी रिकामी करून आतून घासायची, जे रिकामं करता येत नाही त्यावर कापड बांधायचं. बाटलीच्या भरवशावर उघडा ड्रम ठेवणाऱ्याला मी काय सांगू.

हवा शुद्ध होते म्हणे. वास म्हणजे हवेत मिसळलेलं काहीतरी असतं, त्यामुळे डिफ्यूझर हवेत भर घालतो, काढत काहीच नाही. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि बारीक कण तयार करतं. घरात दमेकरी असेल तर खिडकी उघडी ठेवा. एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो: अगरबत्ती, धूप, उदाच्या धुरापेक्षा डिफ्यूझर बरा. जळत काही नाही, त्यामुळे धूर नाही, काजळी नाही. बाळाला ऊद-ओव्याची धुरी देण्यापेक्षा काहीच न देणं सगळ्यात बरं, पण ते आत्याला सांगायची माझी हिंमत नाही.

देवघरात? कापराच्या तेलाची किंवा अल्कोहोलची बाटली आणि पेटती समई शेजारी-शेजारी. पुढं बोलायला नको.

सहा महिने चालते हेही विसरा. चांगली १०० मिलीची बाटली दोन-तीन महिने चालते आणि तीही मे महिन्यात नाही. बेचाळीस अंशांत कूलरसमोर ठेवलीत तर बघता बघता तळ दिसेल. कूलरला वाळ्याची ताटी लावा, उन्हाळ्यात त्याच्यासारखा वास नाही.

बहिणीनं शेवटी विचारलंच, ‘मग घ्यायचा तर कसा घेऊ?’ तिला म्हटलं, तोंड अरुंद, काड्या वेताच्या, लेबलवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना बघ. ‘नैसर्गिक’ या शब्दाचे जास्त पैसे देऊ नकोस. दुकानात बाटलीत नाक घालून वास ठरवू नकोस, लिंबाचा तजेला आधी उडून जातो आणि मागे राहतो तो खरा वास. आमच्या उन्हाळ्यात चंदन, वाळा असले जड वास टिकतात. आधी तीनच काड्या घाल, कमी वाटलं तर वाढव. सगळ्या एकदम खोचल्या की वास डोक्यात जातो आणि बाटली लवकर संपते. आठवड्याला काड्या उलट्या कर, पण बेसिनवर, कारण तो द्रव सागवानी कपाटाचं पॉलिश उतरवतो. मांजर असेल तर सुगंधी तेलं घरात आणूच नकोस, मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत. आणि जागा बैठकीत, उंच फळीवर. बाळ रांगायला लागल्यावर टीपॉयवर काहीच ठेवायचं नसतं.