मेयोला व्हिसा लागतो का?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थालीपिठावरून भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी अबोला वगैरे नाही, पण आत्या लागोपाठ सहा मेसेज टाकते तेव्हा आमच्यात त्याला भांडणच म्हणतात. झालं असं की पुण्यातल्या माझ्या चुलत बहिणीनं पोराच्या डब्यासाठी थालीपीठ केलं, पिठात पालक, वर किसलेलं चीज आणि बाजूला शेजवान चटणी, आणि हौसेनं फोटो टाकला. आत्याचं म्हणणं, थालीपिठावर लोण्याचा गोळा असतो, फार तर दही घ्या, बाकीचे चाळे कशाला, तुमच्या पिढीनं जिभेची पार वाट लावलीय, उद्या पुरणपोळीला केचप लावाल. काकांनी अंगठा दिला. कोणीतरी तो नेहमीचा लांबलचक फॉरवर्ड पण टाकला, मैदा, चीज आणि मेयोनीज मिळून मराठी स्वयंपाकघर कसं संपवतायत तो.

मी गप्प बसलो. तोक्योतून मी काय बोलणार.

चार दिवसांनी मी माझा फोटो टाकला. रविवारी आमच्याकडे ओकोनोमियाकी असते. म्हणजे काय, तर बारीक चिरलेला भरपूर कोबी, तो जेमतेम धरून राहील इतकंच पीठ, अंडं, आणि त्याचं तव्यावर जाड धिरडं, वर गोडसर काळपट सॉस आणि मेयोनीजच्या रेघा. 'ओकोनोमी' म्हणजे आपापल्या आवडीप्रमाणे आणि 'याकी' म्हणजे भाजलेलं, म्हणजे नावातच परवानगी दिलेली आहे, म्हणून मी गव्हाच्या पिठाऐवजी आईच्या हातची भाजणी घालतो, सांगलीहून कोणी ना कोणी आणून देतं. धने-जिऱ्याचा तो भाजका वास आणि वर मेयो, चांगलं लागतं, खरंच. तर फोटोवर आत्याचा मेसेज आला, हात जोडलेले तीन इमोजी आणि खाली, "कुठेही गेलास तरी भाजणी विसरला नाहीस रे बाळा."

पाचच मिनिटांत बहिणीचा मला एकट्याला वेगळा मेसेज. "दादा, तुझं मेयो चालतं, माझं चीज चालत नाही. मेयोला व्हिसा लागतो का?"

मला हसू आलं आणि मग जरा लाजही वाटली, कारण ती शंभर टक्के बरोबर होती. बाहेर राहणाऱ्यानं सरमिसळ केली की ती 'बिचारा ॲडजस्ट करतोय', आणि पुण्यातली बाई सकाळी साडेसहाला डबा करताना तेच करते तेव्हा ती संस्कृती बुडवते. माझ्याकडे तर वेळ पण असतो. रविवार असतो. तिच्याकडे वीस मिनिटं आणि नाक मुरडणारा आठ वर्षांचा पोरगा.

इथं राहून ही 'अस्सल' नावाची भानगड मला दोन्ही बाजूंनी दिसते, म्हणून थोडं लिहितो. जपानी भाषेत ब्रेडला 'पान' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विड्याचं समजलो, तो भाग सोडा. हा 'पान' आणि आपला 'पाव' दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दावरून आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात उतरले आणि तेच पुढे नागासाकीकडे पण गेले, जाताना दोन्हीकडे पाव ठेवून गेले. तेम्पुरासुद्धा त्यांच्याचकडून शिकलेला. इथल्या बेकरीत 'करी पान' मिळतो, पावाच्या पिठात घट्ट करी भरायची, वरून ब्रेडक्रम्स लावायचे आणि तळायचं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं हा तर वडापाव आहे, फक्त आतबाहेर उलटा. वडापाव तरी काय, पाव पोर्तुगीज, बटाटा आणि मिरची अमेरिका खंडाकडची, आणि आज तो सोडून दुसरं काही मुंबईचं म्हणून दाखवा बघू. उपासाच्या साबुदाणा खिचडीचं तर मी आत्यासमोर बोलतच नाही. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही परदेशी, आणि एकादशीला तेच चालतं, आपला तांदूळ नाही.

आता करी. इंग्रजांनी आपल्याकडून नेली, मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, जपान्यांनी इंग्रजांकडून घेतली, नौदलानं जहाजांवर शिजवली, आजही इथल्या नौदलात शुक्रवारी करी असते. मग करीच्या तयार वड्या आल्या, चॉकलेटच्या बारसारख्या चौकोनी तुकड्यांच्या, आणि १९६३ मध्ये सफरचंद आणि मध घातलेली 'व्हर्मोंट करी' आली, जी मुलांसाठी गोडसर. अशा आणलेल्या आणि आपल्या केलेल्या पदार्थांना इथं 'योशोकु' असं वेगळं नाव आहे. केचपमधलं स्पॅगेटी, त्याचं नाव नापोरितान, नेपल्समध्ये त्याला कोणी ओळख दाखवणार नाही. पण इथं कोणाला त्याची लाज नाही, घरोघरी होतं.

माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, जेवण शाळेतच असतं आणि करीच्या दिवशी पोरं खूश असतात. आई फोनवर तिला म्हणाली, "अगं करी आपलीच की." तर ती म्हणते, "नाही आजी, करी जपानची." आईला फार लागलं. मी विचार केला तर पोरगीच बरोबर, आमच्या सांगलीच्या घरात 'करी' हा शब्द कधी होता? आमटी होती, रस्सा होता, कालवण होतं. करी मी पहिल्यांदा हॉटेलच्या मेन्यूकार्डावर वाचली.

आणि अस्सलचा आग्रह धरणारे काय फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांपासून पळून जपानला आले, तेव्हा तोक्योतल्या शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे त्यांच्याच मुलीशी बोसांचं लग्न झालं. पण इथली पिठाळ करी काही त्यांच्या घशाखाली उतरली नाही, म्हणून १९२७ मध्ये नाकामुरायात त्यांच्या सांगण्यावरून 'खरी भारतीय करी' सुरू झाली, आजही मिळते. म्हणजे क्रांतिकारक माणूस, डोक्यावर इंग्रजांचं वॉरंट होतं, आणि शेवटी अडला कुठं तर रश्श्यावर. मला हे फार जवळचं वाटतं. उलट बाजूनं जपान सरकारनंही हेच केलं, २००६ मध्ये त्यांच्या शेतीमंत्र्यांनी काढलं की परदेशातल्या जपानी हॉटेलांना 'हे खरं जपानी' असं सर्टिफिकेट द्यायचं. अमेरिकन पेपरांनी त्याला 'सुशी पोलीस' म्हणून इतकं हसून घेतलं की ती योजना गुंडाळल्यातच जमा झाली. नापोरितान खाणारा देश कॅलिफोर्नियातल्या सुशीला नावं ठेवतो. आत्या ही काही फक्त आमच्या घरात नाही.

माझं स्वतःचं पण सांगतो, नाहीतर मी फार उदार वाटेन. पहिली दोन वर्षं मी इथं अगदी कर्मठ होतो, घरी असताना जेवढा नव्हतो तेवढा. गोडा मसाला संपला की आठवडाभर चिडचिड. कोकम नाही म्हणून आमटीच नाही. निशिकासाईत, म्हणजे तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीत, आता खाली उतरलं की तूरडाळ, पोहे सगळं मिळतं, पण कोकम तेव्हा तरी नव्हतं. मग एका थंडीत तापानं पडलो, बायको गावाला गेलेली, आणि शेजारच्या आजींनी डब्यात ओकायु आणून दिला. ओकायु म्हणजे मऊभात, आपला गुरगुट्या, त्यावर एक उमेबोशी, खारवलेलं आंबट फळ. मी झाकण काढलं आणि बघतच राहिलो. आजारपणात आई हेच द्यायची, वर लिंबाचं लोणचं किंवा मेतकूट आणि तूप. मी उठून डब्यातलं मेतकूट काढलं, ओकायुवर घातलं, तूप घातलं, उमेबोशी तशीच ठेवली आणि बशी चाटून पुसून खाल्ली. त्यानंतर आमटीत कोकमाऐवजी एक उमेबोशी ठेचून घालायला लागलो, फक्त मीठ आधी अजिबात घालायचं नाही, ती स्वतःच खारट असते, हे मी दोनदा खारट आमटी खाऊन शिकलो.

सगळंच जमतं असं नाही. नात्तोची मिसळ करून बघितली होती, मोड आलेली मटकी आणि आंबवलेलं सोयाबीन, दोन्ही उसळच की, असा माझा हिशोब. तर्री गरम, नात्तोचे तार, वर फरसाण. बायकोनं काही न बोलता खिडकी उघडली.

जमलेलं म्हणजे करी. बुधवारी आम्ही दोघं उशिरा येतो तेव्हा हीच असते. कांदा चांगला तांबूस करायचा, इथं मी घाई करत नाही, मग गाजर, बटाटा आणि दाइकोन, म्हणजे आपला मुळाच, फक्त मनगटाएवढा जाड. भाज्या शिजल्या की गॅस बंद करून मग वड्या घालायच्या, चालू गॅसवर टाकल्या तर गुठळ्या होतात. वड्या विरघळल्या की पुन्हा मंद आच, दाट होऊ द्यायचं, आणि उतरवायच्या आधी अर्धा चमचा गोडा मसाला. त्या सफरचंदी गोडव्याखाली दगडफुलाचा वास येतो तेव्हा कळत नाही आपण कुठल्या घरात आहोत. शाकाहारी असाल तर वड्यांचं पाकीट नीट वाचा हं, पुष्कळ वड्यांत गायीची नाहीतर डुकराची चरबी असते. मुलगी तशीच खाते, मी बाजूला मिरचीचा ठेचा घेतो.

मग मी चीजच्या बाजूचा आहे का, तर थांबा. पुण्यात गेलो की रस्त्यावर बघतो, वडापाव चीज, डोसा चीज, मॅगी चीज, खाली काय आहे ते दिसतच नाही, बटाटा शिळा असला तरी कळू नये. ते मला नाही आवडत. मिसळायला माझी हरकत नाही, मिसळ नावाचा पदार्थ करणाऱ्या लोकांची कशी असेल. पुण्याच्या मिसळीत पोहे, कोल्हापूरला सोबत स्लाइस ब्रेड, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवतात. ओसाकावाले ओकोनोमियाकीचं सगळं एकत्र कालवतात, हिरोशिमावाले थर लावून त्यात नूडल्स घालतात, त्यांचंही तेच चालू. ही भांडणं खाणाऱ्यांची आहेत, मजेची आहेत, चालू द्या. बहिणीच्या थालीपिठात पालक दिसत होता, भाजणी दिसत होती, कडा खरपूस होत्या. चीज वरती होतं, लपवायला नव्हतं. डबा रिकामा आला म्हणे.

म्हणून मी परवा ग्रुपवरच लिहिलं, की मेयोवाल्याला शाबासकी मिळत असेल तर चीजवालीला पण द्या. आत्यानं वाचलं, निळ्या टिका झाल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिच्या झोपेच्या वेळी, मला मेसेज आला. "ते कोबीचं कसं करतोस? किती भाजणी?"

मी लिहिलं, एका छोट्या कोबीला दोन वाट्या भाजणी आणि दोन अंडी, अंडं नको असेल तर भाजणी थोडी वाढव, कोबीला मीठ आयत्या वेळी लाव नाहीतर पाणी सुटतं, आणि तव्यावर टाकल्यावर दाबू नकोस. तिनं विचारलं, मधे भोक पाडायचं का, थालीपिठासारखं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. या रविवारी पाडून बघतो.