बाण नाही हीच तर मजा!

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेवरच्या तुमच्या लेखातली बाकीची क्रमवारी पटली. पण ‘मॉरोविंड’ला ‘ऑब्लिव्हियन’ आणि ‘स्कायरिम’च्या खाली ढकललंत, आणि कारण काय, तर म्हणे कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही, रस्ता शोधण्यातच वेळ जातो! अहो, २००२च्या त्या गेमचा सगळा जीवच तिथे आहे. बालमोरा गावात कुणीतरी तोंडी पत्ता सांगतं, पूल ओलांडा, जुने अवशेष दिसतील, की निघायचं. आत ती ड्वेमर या लुप्त जमातीची पझल बॉक्स, एवढीशी चौकोनी डबी, फडताळावर पडलेली. शेजारून जाऊनही दिसत नाही. सापडते तेव्हा आपण जिंकलेलं असतं, बाणाने नाही. आणि ‘फास्ट ट्रॅव्हल’, म्हणजे झटपट प्रवास, नाही हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. सिल्ट स्ट्रायडर हा प्रवासी नेणारा अजस्र किडा आहे, होड्या आहेत, मेजेस गिल्डमधून, म्हणजे जादूगारांच्या संघातून, थेट दुसऱ्या गावी जाता येतं. फक्त एसटीसारखी मध्ये गाडी बदलावी लागते. मार्क-रिकॉल, म्हणजे खूण केलेल्या जागी क्षणात परतायचे मंत्र, शिकलात तर तीही कटकट नाही.

नावं ठेवायचीच तर लढाईला ठेवा ना! तलवार समोरच्या खेकड्याच्या आरपार जाताना दिसते, आणि गेमच्या हिशेबात फटका हुकलेला. पळत येऊन दम लागला असेल तर विचारूच नका. शिवाय मूळ आवृत्तीतली ती डायरी! सगळ्या कामांच्या नोंदी एकाखाली एक, जुनं काही शोधायचं तर पानं उलटत बसा. कामांनुसार यादी ‘ट्रायब्युनल’ या नंतरच्या पुरवणी भागासोबत आली. यातलं काहीच लेखात नाही, आणि बाणासाठी मात्र गुण कापले.