‘वाळलेलं झाड गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी आपण दोनदा फोन केला आणि नर्सरीतून कुणी उचलला नाही. चूक आमचीच, माफ करा.

पण ‘180 रुपये घेऊन वाळलेलं झाड गळ्यात मारलं, पंधरा दिवसांत काड्या झाल्या’ हे फार लागलं. आपण प्राजक्त नेला तो फेब्रुवारीत, त्याच्या पानगळीच्या दिवसांत. फुलं सरली, थंडी ओसरली की त्याची खरखरीत पानं पिवळी पडून गळतात आणि चौकोनी काड्या तेवढ्या उरतात. वळीव झाला की नवी पालवी फुटते. जमिनीतला जुना प्राजक्तही असाच उघडा होतो, कुंडीतलं रोप तर लवकरच. खालची पानं पिवळी आहेत हे नेताना आपणही पाहिलं होतं.

काडीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी निघालं तर खाली खाली खरवडत या. हिरवं लागेल तिथे डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या कोंबाच्या, जरा वर तिरका काप द्या.

खरी काळजी आपल्या फोटोमुळे वाटते. कुंडीखालची ताटली पाण्याने भरलेली आहे आणि मातीवर रासायनिक खताचे दाणे आहेत. पानं नसताना झाड पाणी फारसं ओढत नाही. 8 इंची पिशवीतलं रोप एकदम 16 इंची कुंडीत लावलं की माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. त्यात खताचे क्षार मुळं जाळतात. मी रागाने लिहीत नाही, पण याचा दोष रोपाला देऊ नका.

ताटली आजच काढा. दाणे वरच्या मातीसकट खरवडून टाका. दोन इंच खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फोडून पुन्हा लावू नका. पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. पालवी फुटल्यावर दोन मुठी जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून शेंडे खुडायचे ते जूनपर्यंतच; ऑगस्टमध्ये कात्री लावली तर त्या वर्षीची फुलं गेली.

जूनअखेर फुटवा आला नाही तर कुंडी घेऊन या, दुसरं रोप देतो, पैसे नकोत. पानगळीची चिठ्ठी पिशवीला बांधायचंही आता बघतो, फोनचंही काहीतरी करतो.

साल खरवडून हिरवं दिसलं तर अभिप्रायातला ‘वाळलेलं’ हा शब्द तेवढा काढाल का? दोन गिऱ्हाइकं तो वाचून प्राजक्त न घेताच परत गेली.