ती सतरा अंकी संख्या मूळ नाही
लातूरकडच्या शिकवण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या फिरतंय: १२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे, पटत नसेल तर भागून बघा. एवढं भागायची गरजच नाही. अंकांची बेरीज करा, ८१ येते. म्हणजे ९ ने नि:शेष भाग जातो. मुळात हा १११११११११ चा वर्ग आहे, आणि ही नऊ अंकी संख्या म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. उलटसुलट सारखीच वाचता येते, तेवढं मात्र खरं. आणखी एक १ जोडून वर्ग केला, की हातचे येतात नि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. आणि लेकरांनो, एक्सेलमध्ये पडताळू नका. ते पंधराच अंक धरतं, शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं टाकतं. वही काढा.