जॉन्सन त्या रात्री टीव्हीसमोर नव्हतेच

न्यूज चॅनेलवरच्या आरडाओरड्याला विटलेली माणसं एक गोष्ट हमखास फॉरवर्ड करतात. २७ फेब्रुवारी १९६८ ला सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी व्हिएतनाम युद्ध कोंडीत अडकल्याचं सांगितलं. ते बघत बसलेल्या अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, क्रॉन्काइट हातचा गेला म्हणजे देश हातचा गेला. मग लोकमत फिरलं आणि जॉन्सननी निवडणुकीतून माघार घेतली. लोकांचा वैताग मला पटतो, गोष्ट मात्र पटत नाही.

क्रॉन्काइट व्हिएतनामला जाऊन आले होते आणि युद्ध कोंडीत आहे, वाटाघाटी करा, असं बोलले होते, एवढं खरं. पण कार्यक्रम सुरू होता तेव्हा जॉन्सन ऑस्टिनमध्ये, टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या ५१व्या वाढदिवसाच्या समारंभात होते. ५१ म्हणजे साधं बहुमत, प्रत्येक राजकारण्याला हवा असलेला आकडा, असा विनोदही त्यांनी तिथे केला. त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्यही सांगणाऱ्यागणिक बदलतं: कुठे ‘देश’ हातचा जातो, कुठे ‘युद्ध’. शिवाय १८ मार्चला मिनिॲपोलिसमध्ये हेच जॉन्सन युद्ध जिंकण्यासाठी साऱ्या देशाने झटावं, असं आवाहन करत होते. हाय खाल्लेला माणूस असं बोलेल?

लोकमत तर आधीच फिरलं होतं. ऑक्टोबर १९६७ च्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत सैन्य पाठवणं चूक होतं म्हणणारे ४७ टक्के होते, तसं न मानणारे ४४. कोंडीची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट १९६७ मध्येच छापली होती. वॉल स्ट्रीट जर्नलचा निराश अग्रलेखही क्रॉन्काइटच्या चार दिवस आधीचा.

राहिली माघार. ती ३१ मार्चची. त्याआधी न्यू हॅम्पशायर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत जॉन्सन यांच्याच पक्षातल्या युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थींनी ४२ टक्के मतं घेतली होती आणि रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले होते.

मला खरा राग येतो तो याचा, की १९६२ ते १९८१ अशी १९ वर्षं संध्याकाळच्या बातम्या सांगणाऱ्या माणसाचं मोठेपण आपण एका दंतकथेवर तोलतो. २२ नोव्हेंबर १९६३ चं चित्रण बघा. तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडींना डलासमध्ये गोळ्या लागल्याची पहिली बातमी देताना क्रॉन्काइट यांचा नुसता आवाज ऐकू येतो, कारण कॅमेरा तापायला वेळ लागत असे. मग ते पडद्यावर येतात. डलासहून सीबीएसचे वार्ताहर डॅन रादर मृत्यूची खबर देतात. क्रॉन्काइट ती रादर यांच्या नावानिशी सांगतात, आणि लगेच बजावतात, की अधिकृत दुजोरा अजून नाही. अखेर वृत्तसंस्थेचा कागद हाती येतो. तेव्हाही ते ‘अधिकृत दिसते’ एवढंच म्हणून वाचतात, चष्मा काढतात, घड्याळाकडे बघून वेळ सांगतात. आवंढा गिळतात आणि पुढची बातमी देतात. फॉरवर्ड करायचाच असेल, तर हा तासभराचा भाग करा.